स्पर्धात्मक पोकरच्या अंतिम टप्प्यातील मोठ्या बोलीचा स्वीकार : संभाव्यता, मूल्य आणि निर्णय

सारांश

पोकर स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात प्रतिस्पर्ध्याने आपल्या सर्व चिप्स पणाला लावल्या असता ती बोली स्वीकारावी की पत्ते टाकावेत, हा प्रश्न वरवर पाहता हातातील पत्त्यांचा वाटतो. प्रस्तुत लेखात असे दाखविले आहे की, या प्रश्नाचे उत्तर पत्त्यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, बक्षिसांच्या वाटपावर अवलंबून असते. चिप्सची संख्या व चिप्सचे मूल्य यांतील फरक स्पष्ट करण्यासाठी हाताने पडताळून पाहता येतील अशी उदाहरणे घेतली आहेत. तेच पत्ते, त्याच चिप्स आणि तीच बोली असतानाही बक्षीसवाटप बदलताच योग्य निर्णय कसा बदलतो, हे त्यांतून दिसून येते.

बीजशब्द : अपेक्षित मूल्य, संभाव्यता, स्वतंत्र चिप प्रतिमान, बबल फॅक्टर, निर्णयसिद्धान्त

१. प्रस्तावना

द्यूत आणि गणित यांचे नाते जुने आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा झाडाच्या पानाफळांची संख्या अंदाजाने अचूक सांगतो आणि ही विद्या फाशांच्या ज्ञानाशी जोडलेली असल्याचे नलास कळते. युरोपात संभाव्यताशास्त्राचा पद्धतशीर आरंभ मानला जातो तो १६५४ सालच्या पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारापासून. त्या पत्रव्यवहारातील एक मुख्य प्रश्न असा होता : दोन खेळाडूंचा डाव मध्येच थांबला, तर पणास लावलेली रक्कम त्यांच्यात न्याय्य रीतीने कशी वाटावी? या दोघांचे उत्तर आजही मार्गदर्शक आहे. आतापर्यंत कोणी किती डाव जिंकले यावरून वाटणी न करता, खेळ पुढे चालू राहिला असता तर कोणाच्या विजयाची शक्यता किती राहिली असती, यावरून ती करावी.

पोकर स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातील निर्णय हा याच प्रश्नाचा विस्तार आहे. फरक इतकाच की, येथे खेळाडू दोनहून अधिक असतात आणि बक्षिसेही एकाहून अधिक असतात. हा फरक लहान दिसला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व व्यवस्थापन या विषयांच्या अध्यापकांना अपेक्षित मूल्य ही संकल्पना शिकवताना या प्रश्नाचा चांगला उपयोग होऊ शकतो, या हेतूने हे विवेचन केले आहे.

२. खेळाचे आवश्यक तेवढे स्वरूप

येथे विचारात घेतलेला प्रकार ‘टेक्सास होल्डेम’ हा होय. तीन पत्ती खेळणाऱ्यांना त्यातील ब्लाइंड, चाल व पॅक या कल्पना नव्या वाटणार नाहीत. प्रत्येक खेळाडूस दोन पत्ते मिळतात. त्यानंतर टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पत्ते उघडले जातात. या सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच श्रेष्ठ, तो डाव जिंकतो. दरम्यान बोलीच्या चार फेऱ्या होतात. बोली वाढविण्यास ‘रेज’, समोरच्याची बोली स्वीकारण्यास ‘कॉल’, पत्ते टाकण्यास ‘फोल्ड’ आणि सर्व चिप्स एकदम पणाला लावण्यास ‘ऑल-इन’ म्हणतात. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन खेळाडूंना पत्ते पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम टाकावी लागते. त्यांस लहान ब्लाइंड व मोठा ब्लाइंड अशी नावे आहेत. स्पर्धा जसजशी पुढे जाते, तसतशी ही रक्कम वाढत जाते. त्यामुळे केवळ वाट पाहत बसणे महाग पडते.

स्पर्धेतील पोकर व रोख पैशांचे पोकर यांत मूलभूत भेद आहे. रोख खेळात चिप म्हणजे पैसा. खेळाडू केव्हाही उठून ती बदलून घेऊ शकतो. स्पर्धेत तसे करता येत नाही. तेथे चिप हे केवळ टिकून राहण्याचे साधन असते. सर्व चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो आणि कितव्या क्रमांकावर बाद झाला, त्यानुसार त्याला बक्षीस मिळते किंवा मिळत नाही.

अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९७० साली सुरू झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धामालिकेच्या इतिहासात हा भेद ठळकपणे दिसतो. तिच्या मुख्य स्पर्धेत १९७७ सालापर्यंत संपूर्ण रक्कम विजेत्यालाच मिळत असे. १९७८ पासून ती अनेक क्रमांकांत विभागली जाऊ लागली. खेळाचे नियम तेच राहिले, पत्ते तेच राहिले. परंतु अखेरच्या टप्प्यातील प्रत्येक चिपचे मोल मात्र त्या एका बदलाने पालटले. ते कसे, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

३. चिप्सचा हिशेब

समजा, दहा खेळाडूंनी प्रत्येकी २,००० चिप्स घेऊन एक स्पर्धा सुरू केली. एकूण चिप्स २०,००० आणि एकूण बक्षीस १,००० डॉलर आहे. पहिल्यास ५००, दुसऱ्यास ३०० व तिसऱ्यास २०० डॉलर मिळणार आहेत. चौथ्यास काहीही नाही. आता ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ असे चौघे उरले असून प्रत्येकाकडे ५,००० चिप्स आहेत. आणखी एक जण बाद झाला की उरलेले तिघेही बक्षीसपात्र ठरतील. खेळाडूंच्या परिभाषेत या अवस्थेस ‘बबल’ असे म्हणतात. बुडबुडा फुटेपर्यंत सर्वांचा श्वास रोखलेला असतो, असा त्याचा आशय.

‘क’ व ‘ड’ यांनी पत्ते टाकले आहेत. ‘ब’ लहान ब्लाइंडवर असून त्याने आपल्या सर्व ५,००० चिप्स लावल्या. ‘अ’ मोठ्या ब्लाइंडवर आहे. त्याने ४०० चिप्स आधीच टाकलेल्या असल्याने त्याच्याजवळ ४,६०० शिल्लक आहेत. म्हणजे पॉटमध्ये ५,४०० चिप्स जमल्या आहेत आणि बोली स्वीकारण्यासाठी ‘अ’ ला आणखी ४,६०० द्याव्या लागतील.

केवळ चिप्सचा विचार केला तर हिशेब सोपा आहे. ४,६०० देऊन एकूण १०,००० मिळण्याची संधी असल्याने ४,६०० भागिले १०,०००, म्हणजे ४६ टक्के वेळा डाव जिंकला तरी ‘अ’ चे नुकसान होत नाही. समोरचा खेळाडू कोणत्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन करीत असेल, तर भिन्न रंगांची राणी व सत्ती असा सामान्य हातदेखील अशा यादृच्छिक पत्त्यांविरुद्ध सुमारे ५२ टक्के वेळा जिंकतो. चिप्सच्या हिशेबाने तो हात खेळावयास हवा. अनुभवी खेळाडू मात्र तो तत्काळ टाकून देईल. त्याचे कारण घाबरटपणा नव्हे. तो निराळा हिशेब करीत असतो.

४. मूल्याचा हिशेब : स्वतंत्र चिप प्रतिमान

चिप्सचे पैशांत रूपांतर करण्याची सर्वाधिक प्रचलित रीत ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ अथवा स्वतंत्र चिप प्रतिमान या नावाने ओळखली जाते. तिच्या मुळाशी असलेले सूत्र डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतींतील क्रमवारीच्या संदर्भात मांडले. पोकर स्पर्धेला हा विचार लावण्याचे श्रेय सामान्यतः मेसन मालमथ यांच्या १९८७ च्या लेखनास दिले जाते.

या प्रतिमानाचे गृहीतक असे : एखाद्या खेळाडूकडे एकूण चिप्सचा जेवढा हिस्सा, तेवढी त्याच्या प्रथम येण्याची संभाव्यता. प्रथम येणाऱ्यास बाजूला काढून उरलेल्यांमध्ये हाच नियम पुन्हा लावला की दुसऱ्या क्रमांकाची संभाव्यता मिळते. आणि अशाच रीतीने पुढील क्रमांकांची. प्रत्येक क्रमांकाच्या संभाव्यतेला त्या क्रमांकाच्या बक्षिसाने गुणून बेरीज केली की त्या खेळाडूच्या चिप्सचे त्या क्षणीचे पैशांतील मूल्य निघते. पास्कल व फर्मा यांच्या कल्पनेचाच हा वंशज आहे, हे जाणकारांच्या लक्षात येईल. अंतिम टेबलावरील खेळाडू परस्परसंमतीने बक्षीस वाटून घेतात, तेव्हाही बहुधा याच रीतीचा आधार घेतात.

प्रथम ब्लाइंड बाजूस ठेवून मूळ स्थिती पाहू. चौघांकडे समान चिप्स आहेत. म्हणून प्रत्येकाचे मूल्य १,००० चा चौथा भाग, म्हणजे २५० डॉलर. आता ‘अ’ ने ‘ब’ ला बाद केले, असे समजा. ‘अ’ कडे १०,००० आणि ‘क’ व ‘ड’ यांच्याकडे प्रत्येकी ५,००० चिप्स होतील. ‘अ’ ची प्रथम येण्याची संभाव्यता १/२. ‘क’ प्रथम आला (संभाव्यता १/४) तर उरलेल्या १५,००० पैकी १०,००० ‘अ’ कडे असल्याने त्याची दुसरा येण्याची संभाव्यता २/३. ‘ड’ प्रथम आला तरी तेवढीच. म्हणून ‘अ’ दुसरा येण्याची एकूण संभाव्यता १/३ आणि तिसरा येण्याची उरलेली १/६. मूल्य झाले २५० + १०० + ३३.३३, म्हणजे ३८३.३३ डॉलर.

या एका आकड्यात या प्रश्नाचे सारे मर्म आहे. चिप्स दुप्पट झाल्या, पण मूल्य दुप्पट झाले नाही. हरल्यास ‘अ’ २५० डॉलर गमावतो. जिंकल्यास केवळ १३३.३३ डॉलर मिळवतो. गमावण्याच्या व मिळवण्याच्या मूल्यांचे हे गुणोत्तर, म्हणजे येथे १.८७५, ‘बबल फॅक्टर’ या नावाने ओळखले जाते. बोली स्वीकारण्यासाठी आता ५० टक्के नव्हे, तर २५० भागिले ३८३.३३, म्हणजे सुमारे ६५.२ टक्के वेळा जिंकावे लागेल.

ब्लाइंड हिशेबात घेतले तरी चित्र फारसे बदलत नाही. ‘अ’ ने पत्ते टाकले तर त्याच्याकडे ४,६००, ‘ब’ कडे ५,४०० आणि इतर दोघांकडे प्रत्येकी ५,००० चिप्स राहतील. वरील रीतीने ‘अ’ च्या प्रथम, द्वितीय व तृतीय क्रमांकांच्या संभाव्यता अनुक्रमे ०.२३०, ०.२३८ व ०.२५२ येतात आणि मूल्य सुमारे २३६.८ डॉलर होते. २३६.८ भागिले ३८३.३३ म्हणजे सुमारे ६१.८ टक्के. चिप्सच्या हिशेबाने ४६ टक्के पुरेसे होते. मूल्याच्या हिशेबाने सुमारे ६२ टक्के लागतात. या सोळा टक्क्यांच्या दरीतच स्पर्धेतील बहुतांश चुकीचे निर्णय घडतात.

५. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

वरील उदाहरणात ‘अ’ व ‘ब’ यांची टक्कर होण्यापूर्वी दोघांचे मिळून मूल्य ५०० डॉलर होते. टक्कर झाल्यानंतर विजेत्याकडे ३८३.३३ डॉलर उरतात. मग उरलेले ११६.६७ डॉलर गेले कोठे? ते ‘क’ व ‘ड’ यांच्याकडे गेले. काहीही न करता, एकही पत्ता न खेळता त्या प्रत्येकाचे मूल्य २५० वरून ३०८.३३ डॉलर झाले. कारण चौथ्या क्रमांकाचा धोका त्यांच्यावरून टळला. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ या म्हणीचा इतका नेमका अंकगणिती पुरावा क्वचितच आढळेल.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रोख खेळात एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा फायदा असतो. स्पर्धेत मात्र मोठी बोली करणारा आणि ती स्वीकारणारा हे दोघे मिळून तोट्यात जाऊ शकतात. म्हणूनच बोली करणाऱ्याची बाजू स्वीकारणाऱ्याहून बळकट असते. बोली करणाऱ्यास जिंकण्याचे दोन मार्ग असतात : समोरचा पत्ते टाकेल, किंवा पत्ते उघडल्यावर आपले पत्ते श्रेष्ठ ठरतील. स्वीकारणाऱ्यास केवळ दुसराच मार्ग उपलब्ध असतो. ज्या पत्त्यांवर स्वतः ऑल-इन करणे योग्य ठरते, त्याच पत्त्यांवर दुसऱ्याची तेवढीच बोली स्वीकारणे अयोग्य ठरू शकते, ही बाब नवख्या खेळाडूंना विसंगत वाटते. परंतु ती पूर्णतः सुसंगत आहे.

६. बक्षीसवाटप बदलल्यास

आता तीच स्थिती कायम ठेवून केवळ बक्षिसांची वाटणी बदलू. चौघे खेळाडू, प्रत्येकी ५,००० चिप्स, ‘ब’ ची ऑल-इन बोली; ब्लाइंड पुन्हा बाजूस ठेवू.

(अ) संपूर्ण बक्षीस विजेत्यास : पत्ते टाकल्यास मूल्य २५०, जिंकल्यास ५००. किमान आवश्यक टक्केवारी ५०.

(आ) ५००, ३०० व २०० अशी विभागणी : पत्ते टाकल्यास २५०, जिंकल्यास ३८३.३३. किमान आवश्यक टक्केवारी सुमारे ६५.२.

(इ) पहिल्या तिघांना समान बक्षीस : मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या पात्रता-स्पर्धांत अशी रचना असते. पत्ते टाकल्यास बक्षीस मिळण्याची संभाव्यता ३/४, जिंकल्यास १. किमान आवश्यक टक्केवारी ७५.

दश्शीची जोडी कोणत्याही यादृच्छिक दोन पत्त्यांविरुद्ध साधारण ७५ टक्के वेळा जिंकते. म्हणजे पहिल्या रचनेत जी जोडी पाहताच चिप्स पुढे सरकवाव्यात, तीच तिसऱ्या रचनेत काठावर येते. प्रतिस्पर्धी थोडा जरी निवडक असेल, तर ती टाकणेच इष्ट. १९७८ साली वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत झालेला बदल हा (अ) कडून (आ) च्या दिशेने झालेला प्रवास होता, हे आता लक्षात येईल.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २००३ च्या मुख्य स्पर्धेत आढळते. ८३९ खेळाडूंच्या त्या स्पर्धेत ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून आलेला हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर आणि व्यावसायिक खेळाडू सॅमी फारहा असे दोघेच उरले होते. एका डावात पाचही सामाईक पत्ते उघडल्यानंतर मनीमेकरने हाती जोडीही नसताना सर्व चिप्स लावल्या. नव्वीची जोडी असलेल्या फारहाने बराच विचार करून पत्ते टाकले. पुढे मनीमेकरने स्पर्धा व २५ लाख डॉलर जिंकले. या डावाची चर्चा धैर्याच्या अंगाने होते. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा वेगळा आहे. दोघेच उरले असता दुसरे बक्षीस दोघांनाही निश्चित झालेले असते. चुरस उरते ती केवळ पहिल्या व दुसऱ्या बक्षिसांतील फरकासाठी, आणि तो फरक एकट्या विजेत्यास मिळणारा असतो. म्हणून चिप्स व मूल्य पुन्हा समप्रमाणात येतात आणि बबल फॅक्टर १ होतो. फारहापुढील प्रश्न शुद्ध स्वरूपाचा होता : पॉटच्या तुलनेत द्यावी लागणारी रक्कम किती, आणि समोरचा थाप मारीत असण्याची शक्यता किती? टिकून राहण्याच्या मूल्याचा त्यात काहीच भाग नव्हता.

७. इतरांच्या चिप्सचा प्रभाव

निर्णय घेताना केवळ आपल्या व प्रतिस्पर्ध्याच्या चिप्स पाहणे पुरेसे नाही. डावात नसलेल्या खेळाडूंची स्थितीही तितकीच महत्त्वाची असते. समजा, ‘अ’ व ‘ब’ यांच्याकडे प्रत्येकी ६,०००, ‘क’ कडे ७,००० आणि ‘ड’ कडे केवळ १,००० चिप्स आहेत. बक्षिसे पूर्वीप्रमाणेच ५००, ३०० व २००. ‘ब’ ने सर्व चिप्स लावल्या. ब्लाइंड वगळता पत्ते टाकल्यास ‘अ’ चे मूल्य सुमारे ३०३.१ डॉलर येते. जिंकून १२,००० चिप्स झाल्यास ४१५.५ डॉलर. किमान आवश्यक टक्केवारी सुमारे ७३. समान चिप्सच्या स्थितीत ती ६५ होती.

कारण उघड आहे. ‘ड’ लवकरच बाद होण्याच्या बेतात असताना स्वतः चौथे होण्याचा धोका पत्करणे म्हणजे हाताशी आलेले तिसरे बक्षीस सोडून देणे होय. नव्वीची जोडी यादृच्छिक पत्त्यांविरुद्ध साधारण ७२ टक्के वेळा जिंकते. या हिशेबाने तीदेखील अपुरी ठरते. उलटपक्षी, ‘ड’ ने आपल्या १,००० चिप्स लावल्या असता ‘क’ ला ती बोली स्वीकारणे सोपे जाते; हरल्यासही तो ६,००० चिप्ससह खेळात राहतो. थोडक्यात, आपल्याला बाद करू शकेल अशा खेळाडूची बोली स्वीकारणे महाग आणि आपल्याला बाद करू न शकणाऱ्याची बोली स्वीकारणे स्वस्त असते.

८. प्रतिस्पर्ध्याच्या पत्त्यांचा अंदाज

किमान आवश्यक टक्केवारी निश्चित झाली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे प्रत्यक्ष जिंकण्याची टक्केवारी किती, याचा अंदाज. ५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे निवडता येतात. कोणतीही विशिष्ट जोडी ६ प्रकारे, तर दोन भिन्न मूल्यांचे पत्ते १६ प्रकारे येतात. त्यांपैकी ४ एकाच रंगाचे व १२ भिन्न रंगांचे. प्रतिस्पर्धी यांपैकी कोणत्या हातांवर ऑल-इन करील, त्यांचा संच मनात उभा करावा लागतो.

‘अ’ कडे भिन्न रंगांचे एक्का व गुलाम आहेत आणि ब्लाइंडसह आवश्यक टक्केवारी ६१.८ आहे, असे समजू. ‘ब’ कोणत्याही दोन पत्त्यांवर बोली करीत असेल, तर हा हात सुमारे ६४ टक्के वेळा जिंकेल, बोली स्वीकारावी. राजा व दश्शी असल्यास सुमारे ६० टक्के, टाकावेत. मात्र ‘ब’ केवळ दश्शीच्या वा त्याहून मोठ्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी यांवरच बोली करीत असेल, तर एक्का-गुलामाची टक्केवारी ३० च्याही खाली घसरते. अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो हात चिप्सच्या हिशेबानेही स्वीकारार्ह नाही.

येथे खेळसिद्धान्ताचा प्रवेश होतो. फोन नॉयमन व मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचे विश्लेषण आहे. नॅश व शॅप्ली यांनी १९५० साली तीन खेळाडूंच्या सोप्या पोकरवर निबंध प्रसिद्ध केला. या परंपरेचा बोध असा की, ‘ब’ हाही ‘अ’ चा हिशेब जाणतो. ६१.८ टक्क्यांची अट असेल, तर यादृच्छिक पत्त्यांविरुद्धही १,३२६ पैकी साधारण एक-दशांश हातच ‘अ’ ला स्वीकारता येतात. हे ओळखून ‘ब’ अगदी सामान्य पत्त्यांवरही दडपण आणू शकतो. अखेरच्या टप्प्यात बोली मोठ्या होत जातात, त्यामागे हेच कारण आहे. परंतु ‘ब’ चा अंदाज चुकला व बोली स्वीकारली गेली, तर पाचव्या भागात पाहिलेला तोटा त्यालाही सोसावा लागतो. ‘अ’ ने बोली फारच विरळा स्वीकारली तर ‘ब’ निर्धास्त होतो. सैलपणे स्वीकारली तर दोघेही बुडतात. समतोल या दोहोंच्या मधे असतो.

९. प्रतिमानाच्या मर्यादा

स्वतंत्र चिप प्रतिमान हे उपयुक्त साधन असले तरी त्याची गृहीतके ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले, ते सर्व खेळाडूंचे कौशल्य समान मानते. दुसरे, ब्लाइंडची पाळी कोणावर केव्हा येणार, याचा ते विचार करीत नाही. ज्याच्याकडे दोन-तीन ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्या आहेत, त्याच्या दृष्टीने पत्ते टाकण्याचे मूल्य ते प्रत्यक्षाहून अधिक दाखवते. कारण पुढच्याच डावात त्याच्या चिप्सचा मोठा हिस्सा सक्तीने जाणार असतो. तिसरे, मोठ्या चिपसंचयामुळे पुढील डावांत इतरांवर आणता येणाऱ्या दडपणाचे मोल त्यात धरलेले नसते. म्हणून त्याच्या उत्तरास अंतिम निवाडा न मानता आरंभबिंदू मानणे योग्य.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली असे मांडले की, संपत्ती वाढते तसतसे तिच्या प्रत्येक वाढीव एककाचे समाधान घटते. काहनमन व ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखविले की, मनुष्यास लाभाच्या आनंदाहून हानीचे दुःख अधिक तीव्र वाटते. या दोन्ही सिद्धान्तांचा संबंध व्यक्तीच्या मनाशी आहे. आपण पाहिलेली सावधगिरी मात्र मानसिक नाही. ज्याला धोक्याची यत्किंचितही भीती नाही आणि ज्याला प्रत्येक डॉलर सारखाच वाटतो, अशा खेळाडूनेही ६१.८ टक्क्यांखालील हात टाकले पाहिजेत. कारण डॉलर आणि चिप यांतील संबंधच सरळ रेषेचा नाही. वक्रता मनात नसून बक्षिसांच्या रचनेत आहे. मनाची हानिभीती असेल तर ती याखेरीज वेगळी. आणि या दोहोंची गल्लत झाल्यास खेळाडू गरजेपेक्षा अधिक पत्ते टाकू लागतो.

१०. अध्यापनातील उपयोग

सशर्त संभाव्यता, अपेक्षित मूल्य व निर्णयवृक्ष हे घटक शिकविताना वरील चार खेळाडूंचे उदाहरण वर्गात फळ्यावर पूर्ण सोडविता येते. विद्यार्थ्यांना बक्षीसवाटप बदलून पुन्हा हिशेब करण्यास सांगितल्यास, एकाच आकडेवारीतून भिन्न निर्णय का निघतात, हे त्यांना स्वतः अनुभवता येते. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘न्याय्य पैज’ ही संकल्पना समजावताना, ५० टक्क्यांची पैज सर्वस्व पणाला लागले असता न्याय्य राहत नाही, हे याच उदाहरणावरून सांगता येईल.

यासाठी पैसे लावून खेळण्याची काहीच गरज नाही. महाराष्ट्रात जुगारास प्रतिबंध करणारा कायदा १८८७ पासून आहे. शेजारच्या गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनोंना परवाना दिला जातो. आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. शिवाय हिशेबच सांगतो की, सर्व खेळाडूंच्या मूल्यांची बेरीज बक्षिसाच्या रकमेइतकीच असते आणि आयोजकाचे शुल्क आधीच वजा झालेले असते. म्हणजे खेळाडू एकत्रितपणे नेहमी तोट्यातच असतात. विद्यार्थ्यांपर्यंत हा निष्कर्षही पोहोचावयास हवा.

११. निष्कर्ष

१. स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात चिप्सची संख्या व त्यांचे मूल्य समप्रमाणात नसतात. मिळविलेली चिप गमावलेल्या चिपहून कमी मोलाची असते.

२. मोठी बोली स्वीकारण्यासाठी लागणारी किमान टक्केवारी बक्षीसवाटपावरून ठरते. समान स्थितीत ती ५०, ६५ वा ७५ टक्के असू शकते.

३. डावाबाहेरील खेळाडूंच्या चिप्स, विशेषतः बाद होण्याच्या बेतात असलेला खेळाडू, हा निर्णयातील निर्णायक घटक ठरू शकतो.

४. दोनच खेळाडू उरले असता ही सावधगिरी अनावश्यक होते. तेव्हा केवळ चिप्सचा हिशेब पुरेसा असतो.

५. बोली स्वीकारण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न क्रमाने असे : पत्ते टाकल्यास माझे मूल्य किती? जिंकल्यास किती? हरल्यास किती? आणि या तिहींवरून निघणारी टक्केवारी प्रतिस्पर्ध्याच्या संभाव्य पत्त्यांविरुद्ध माझ्या हाताला गाठता येते काय? हातातील पत्त्यांचा विचार या क्रमात सर्वांत शेवटी येतो.